कंट्रोलरच्या खिडकीतून : ‘कुठं?’ नव्हे, ‘कशाला?’

गेल्या अंकात तिकिटांच्या जुन्या ट्रेबद्दल लिहिताना एक वाक्य सहज लिहून गेलो : इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या स्थानकातला वेळापत्रकाचा फळा मी एकदाच कोरा पाहिला, तो 2020 साली. ट्रेबद्दल कुणी काही विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. म्हणून या महिन्याचं सदर करोनातल्या प्रवासाला दिलंय. पत्रं लांब होती, कात्री लावलीय. दोघांनी नाव छापू नका असं कळवलं, तेव्हा कुणाचंच छापत नाही, नुसती गावं देतो.

नव्या वाचकांसाठी : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आगारात आधी कंडक्टर होतो, मग वाहतूक नियंत्रक. म्हणजे ज्याच्या खिडकीत डोकं घालून तुम्ही ‘साहेब, गाडी लागली का?’ विचारता, तो माणूस. 30 नोव्हेंबर 2020 ला निवृत्त झालो. त्यामुळे त्या वर्षाचे आठ-नऊ महिने खिडकीच्या आतून पाहिले आणि नंतरची लाट बाहेरून.

प्रश्न : मी बी.ए.ला आहे. 2020 साली शाळेत होते. गणपतीला गावी जायचं म्हणून बाबा रोज रात्री मोबाइलवर काहीतरी भरत बसायचे आणि शेवटी आम्ही गेलोच नाही. गावी जायला तेव्हा नेमकं काय लागायचं? बाबांना विचारलं की ‘सोड ते’ म्हणतात. – डोंबिवली

पोरी, बाबा ‘सोड ते’ का म्हणतात ते मला कळतं. तरी सांगतो.

सुरुवात गणपतीपासून नाही, शिमग्यापासून करायला हवी. 9 मार्चला होळी होती आणि त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. आमच्याकडे शिमगा एका दिवसात उरकत नाही, पालखी घरोघर फिरते, मुंबईकर येतात-जातात. त्या पंधरवड्यात आमच्या गाड्या भरून गावी आल्या नि भरून मुंबईला गेल्या. आजार सोबत होता की नव्हता, कुणाला ठाऊक. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला. 23 मार्चला राज्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. मग दोन दिवसांनी देशभरची टाळेबंदी.

‘जिल्ह्याची हद्द’ हा शब्द मी नोकरीभर वापरला, पण तो आमच्यासाठी एक पाटी होता. महाडकडून येताना कशेडी घाट चढलात की पाटी यायची, ड्रायव्हर गिअर बदलायचा, झोपलेले प्रवासी कूस बदलायचे. त्या वर्षी ती पाटी म्हणजे दरवाजा झाला. एप्रिलमध्ये माणसं मुंबईहून चालत यायला लागली. महामार्गावर पोलीस अडवतात म्हणून कित्येकांनी कोकण रेल्वेचे रूळ धरले. आमच्या पंचक्रोशीतला एक मुलगा आठ दिवस चालून आला. आईनं त्याला खळ्याच्या कडेलाच थांबवलं, तिथंच न्हायला पाणी दिलं, आणि मग स्वतः मागल्या दारी जाऊन रडली. हे मला तिनंच सांगितलं.

मे महिन्यात ई-पास आला. पोलिसांच्या वेबसाइटवर अर्ज करायचा. नाव, गाडीचा नंबर, कुठून कुठं, किती माणसं, डॉक्टरचा दाखला, फोटो आणि कारण. मग टोकन नंबर मिळायचा आणि वाट पाहायची. तुझे बाबा रात्री भरत बसायचे ते हेच. दिवसा साइट उघडायची नाही, फोटोची फाइल मोठी झाली की ती घ्यायची नाही. कुणी पास काढून देतो म्हणून पैसे घेणारे एजंटही उगवले.

या सगळ्यात माझ्या डोक्यात बसला तो ‘कारण’ हा रकाना. मी कंडक्टर असताना माणसाला एकच प्रश्न विचारायचो, ‘कुठं?’ तो म्हणायचा, ‘चिपळूण एक.’ तिकीट फाडलं, संपलं. चिपळूणला तो लग्नाला चाललाय, कोर्टात चाललाय की बायकोशी भांडून बहिणीकडे चाललाय, हे विचारायचा मला हक्क नव्हता आणि गरजही नव्हती. करोनात ‘कुठं?’ला किंमत उरली नाही, सगळीकडे ‘कशाला?’ सुरू झालं. नाक्यावर पोलीस ‘कशाला?’, वाडीच्या तोंडाशी गावकरी ‘कशाला?’, फोनवर सख्खा भाऊ ‘आत्ता कशाला?’

3 जूनला निसर्ग वादळ आलं. मंडणगड, दापोलीकडे घरांचे पत्रे नि कौलं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या. मुंबईतल्या माणसांना आपलं घर उभं आहे की नाही तेही कळेना, फोनच बंद. त्यातल्या एकानं मला विचारलं होतं, ‘साहेब, कारणात काय लिहू? घराला छप्पर नाही हे कारण चालतं का?’ मी म्हटलं, लिहून बघा. त्याला पास मिळाला की नाही ते पुढं कळलं नाही.

आता गणपती. चतुर्थी 22 ऑगस्टला होती. आधी चौदा दिवसांच्या विलगीकरणाची भाषा होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरलं की दहा दिवस पुरेत, एसटीनं जाणाऱ्याला ई-पास नको, पण 12 ऑगस्टपर्यंत गाव गाठायचं. त्यानंतर येणाऱ्याला आधी करोनाची चाचणी. बावीस जणांनी मिळून गाडी बुक केली तर ती त्यांना थेट गावात नेऊन सोडणार. जेवणाला थांबणं नाही, भाकरी घरून आणा. आम्ही मुंबईला गाड्या पाठवल्या, पण आरक्षणाला नेहमीची झुंबड नव्हती. एरवी गणपतीच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेनं गणपती स्पेशल सोडल्या त्या 15 ऑगस्टपासून, म्हणजे 12 तारीख टळून गेल्यावर. त्या बऱ्याचशा रिकाम्या धावल्या. दहा दिवस सुट्टी विलगीकरणात घालवायची, वर सणाची वेगळी, अशी रजा कुठला मालक देतो? तुम्ही गेला नाहीत यात बाबांची चूक शोधू नकोस.

माझा थोरला भाऊ परळला असतो. तो, वहिनी आणि पुतण्या 11 तारखेला रात्री पोचले. गावच्या कमिटीनं ठरवल्याप्रमाणे त्यांना शाळेत उतरवलं. शाळेच्या खिडकीतून आमच्या घराची कौलं दिसतात. आमची मंडळी दोन वेळचा डबा शाळेच्या पायरीवर ठेवून दहा पावलं मागं यायची, मग वहिनी तो उचलायच्या. तेवढ्या अंतरावरून दोघींच्या गप्पा. दादा मला फोनवर म्हणाला, ‘अरे, याच वर्गात मला मास्तरांनी कोंडलं होतं.’ 21 तारखेला ते घरी आले, दुसऱ्या दिवशी गणपती बसला. आरतीला आम्ही घरचेच.

गावाला नावं ठेवायला मी तयार नाही, हेही लिहून ठेव. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर एक, तोही तीन ठिकाणी धावणारा. घरोघर म्हातारी माणसं. गावकरी घाबरले ते आकसानं नव्हे. पण काही वाड्यांनी रस्त्यावर आडवे बांबू टाकले, आणि वर्षानुवर्षं देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी पाठवणाऱ्या माणसाला त्या बांबूपाशी हात जोडून उभं राहावं लागलं. ते तो विसरलेला नाही. कदाचित बाबाही.

प्रश्न : गाडीत 22 प्रवासी म्हणजे बसायचे कसे? आम्ही तर 22 जण उभे असलेलेच पाहिलेत! – लांजा

साधी गाडी 44 आसनांची, तिचे अर्धे 22. 22 मे 2020 पासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुटल्या तेव्हा एका बाकड्यावर एक असं बसवायचं होतं. पुढच्या बाकावर खिडकीशी, तर मागच्यावर वाटेच्या कडेला. नवराबायको एका बाकावर बसायला गेले की कंडक्टर उठवायचा. बायको म्हणायची, घरी एका खाटेवर झोपतो हो! याला उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. 18 सप्टेंबरपासून पूर्ण आसनं भरायला परवानगी मिळाली आणि हा वाद मिटला.

प्रश्न : ऑगस्ट 2020 मध्ये मी सोलापूरहून पुण्याला एसटीनं आलो, कुणी काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात मेहुणा स्वतःच्या गाडीनं निघाला तर ई-पास नाही म्हणून परत पाठवला. एसटीत विषाणू बसत नव्हता का? – पुणे

बसत असणार, आणि तोही बिनतिकीट.

तुमची आठवण बरोबर आहे. 20 ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरच्या एसटी गाड्या विनापास सुरू झाल्या आणि खासगी गाडीचा ई-पास 2 सप्टेंबरला गेला. मधले तेरा दिवस बावीस अनोळखी माणसांना एका गाडीत पास नको होता आणि एकाच घरातल्या चौघांना हवा होता. आमच्या खिडकीशी लोक चिडून विचारायचे. मी माझ्या समजुतीनं सांगायचो की एसटीचा माणूस सापडतो : गाडी ठरलेली, थांबे ठरलेले, आरक्षणात नाव नि फोन नंबर. खासगी गाडी कुठून निघाली नि कुठं वळली, कुणी पाहिलंय? पण खरं सांगू? मलाही तो नियम कधी पटला नाही. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला न पटलेले नियम शांतपणे समजावण्याचाच पगार असतो.

प्रश्न : लोकल बंद असताना बदलापूरहून मंत्रालयाकडे मी एसटीनं जात असे. पहाटे रांग, दोन-अडीच तास प्रवास. एकदा तर ड्रायव्हरलाच रस्ता माहीत नव्हता! ते ड्रायव्हर कुठून आणले होते? – बदलापूर

आमच्याकडून! तुम्हाला लोकल सुरू झाली तीही 15 जूनला, फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. बाकीच्यांचा भार रस्त्यावर आला. मग राज्यभरातल्या आगारांतून ड्रायव्हर-कंडक्टर मुंबईला पाठवले, बेस्टच्या मार्गांवरही आमची माणसं चालवत होती. आमचा एक ड्रायव्हर, घाटात डोळे मिटून गाडी काढील असा, सायनच्या पुलाखाली गोंधळून थांबला. तेव्हा तुमच्यासारखीच एक बाई केबिनशी येऊन उभी राहिली नि ‘आता डावीकडं, आता सरळ’ करत त्याला थेट शेवटच्या थांब्यापर्यंत घेऊन गेली. परत आल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, भत्ता त्या बाईला द्या.’ ती बाई तुम्ही नव्हता ना?

प्रश्न : हे सगळं प्लेगच्या वेळीही झालं असेल. तेव्हा एसटी नव्हती, पण रेल्वे होती. तुमच्याकडे जुन्या माणसांच्या काही आठवणी आहेत का? – वाई

आहे एक, पण आधी थोडं ऐकीव-वाचीव.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आहे हे ओळखलं ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. ते कळल्यावर मुंबई रिकामी व्हायला लागली. काही महिन्यांत जवळजवळ निम्मं शहर बाहेर पडलं म्हणतात, आणि तेव्हा मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर होती. रेल्वेनं, बोटीनं, बैलगाडीनं, पायी. वर्ष संपायच्या आत प्लेग पुण्यात पोचला होता. माणूस जिवाच्या भीतीनं पळतो आणि ज्याला भिऊन पळतो ते गाठोड्यात घेऊन जातो. पिसवा तर कपड्यालत्त्यातून जातातच.

सरकारनं 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. त्यात रेल्वेनं किंवा दुसऱ्या मार्गानं प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायचा आणि संशयितांना वेगळं ठेवायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं प्रवासीच होता. मार्च 2020 मध्ये आपल्या सरकारनं बाहेर काढला तो हाच कायदा. आपल्या मनगटाखाली ‘होम क्वारंटाइन’चा शिक्का बसला त्याची आजी ती. पुण्यात घरझडत्यांच्या वेळी काय झालं आणि 22 जून 1897 च्या रात्री प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, ते वाईकरांना मी सांगायला नको.

एक मोठा फरक मात्र आहे. देशावरच्या गावांत प्लेग आला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. गावातली घरं रिकामी, माणसं शिवारात. करोनात याच्या उलट : घरात बसा, दाराला कडी लावा.

आता आमच्या घरची आठवण. माझे पणजोबा मुंबईत गोदीत हमाली करायचे. प्लेगात ते शिडाच्या पडावातून आले, असं आजी सांगायची. बोटीनं का नाही? तर बोटीवर चढताना डॉक्टर काख नि जांघ चाचपतो आणि कुणाला नेतो तो परत येत नाही, असा बोलवा होता. काळोखात खाडीच्या तोंडाशी उतरले. घरी आले नाहीत, वरच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, राहिले, आपण होऊन, पंधरा दिवस. त्यांची आई केळीच्या पानावर भात ठेवून यायची आणि लांबून हाक मारायची. उलटून ‘ओ’ आली की ती घरी परतायची.

2020 मध्ये आमची मंडळी डबा ठेवून दहा पावलं मागं सरली तेव्हा मला हे आठवलं. घरात कुणाला मी तेव्हा सांगितलं नाही, कारण पणजोबा वाचले तरी त्यांच्याबरोबर त्या पडावात आलेले सगळे वाचले नव्हते.

प्रश्न : आम्ही निपाणीकर, म्हणजे हद्दीलगतचे, पण कर्नाटकातले. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळं कोल्हापूरला. फेब्रुवारी 2021 नंतर कोगनोळी नाक्यावर अहवाल दाखवा म्हणायला लागले आणि आम्ही एकाएकी परराज्यातले झालो. कोकणात बसून हे तुम्हाला कळायचं नाही! – निपाणी

कळतं हो. माझी धाकटी लेक निपाणीला दिलीय.

मार्च 2021. नात झाली, बारशाला बोलावणं आलं. तेव्हा महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्याला आरटी-पीसीआरचा अहवाल हवा, तोही 72 तासांच्या आतला. मी आयुष्यभर इतरांची वेळापत्रकं सांभाळलेला माणूस. सोमवारी स्वॅब दिला, अहवाल हातात पडला, गुरुवारचं निघायचं ठरवलं. पण तास मोजताना मी ते निघायच्या वेळेपर्यंत मोजले, नाक्यावर पोचायच्या वेळेपर्यंत नाही. रत्नागिरी सोडली, आंबा घाट, कोल्हापूर, तिथं पुढच्या गाडीची दोन तास वाट. कोगनोळीला पोचलो तर अहवालाच्या मुदतीवर तीन तास उलटून गेलेले. पोलिसानं कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, मान हलवली. त्याचं काही चुकलं नाही. मी असतो तर मीही हेच केलं असतं.

आमच्या गाडीतली दोघं-तिघं आधीच कागलला उतरली होती. शेतातून वाट आहे म्हणाली. एकानं मलाही विचारलं, ‘येताय काय पावणं?’ खोटं का बोलू, मन एकदा झालं. पण बॅचबिल्ला लावून इतकी वर्षं बिनतिकीट माणसं उतरवली होती, ते पाय त्या वाटेला वळेनात.

जावयांना फोन केला. ते, लेक आणि पंधरा दिवसांची नात स्कूटरवरून नाक्याच्या पलीकडे आले. भर दुपार, मालट्रकांची रांग. मधे लोखंडी बॅरिकेड, त्यापलीकडे दहा-बारा फुटांवर लेकीनं कपडा बाजूला करून तोंड दाखवलं. आमच्या मंडळींनी शिवलेली कुंची आणि चांदीचे वाळे एका पिशवीत होते. ती पिशवी त्याच पोलिसानं अलीकडून घेतली नि पलीकडे दिली. देताना तो कानडीत काहीतरी बोलला. लेकीला कानडी येतं, तिनं नंतर फोनवर सांगितलं : ‘त्यांच्याही घरी तान्हं आहे म्हणाले, आणि ते महिनाभर घरी गेले नाहीत.’

तुमचं म्हणणं खरं आहे. नकाशावरची रेघ तुमच्या बाजाराच्या वाटेवर येऊन बसली. आमच्या कशेडीला निदान घाट आहे, डोंगर आहे, हद्द आहे असं वाटतं तरी. तुमच्याकडे अलीकडे ऊस, पलीकडे ऊस.

प्रश्न : आमच्या गावात रात्री साडेआठला मुक्कामी गाडी यायची, पहाटे साडेपाचला निघायची. करोनात बंद झाली ती आजतागायत आली नाही. मुली कॉलेजला वडापनं (खासगी जीपनं) जातात. करोना गेला, मग आमची गाडी का परत येत नाही? – मंडणगड तालुका

या पत्राला सगळ्यात जास्त वेळ दिला. दोन जुन्या सहकाऱ्यांशीही बोललो.

साथीत बंद झालेली गाडी आपोआप परत येत नाही. बंद करायला एक आदेश पुरतो आणि तो एका रात्रीत सगळ्यांना लागू होतो. सुरू करताना मात्र एकेक फेरी हिशोबाला उभी राहते. किलोमीटरमागं उत्पन्न किती, भारमान किती (म्हणजे शंभरातली किती आसनं भरली), डिझेल किती. मुक्कामी गाडी त्या हिशोबात पहिल्यापासून नापासच. रात्रीची येताना सात माणसं, पहाटे जाताना भरलेली. सरासरी काढली की कागदावर तोटा. आधी ती ‘चालू आहे’ म्हणून चालायची. करोनानं ते ‘चालू आहे’च मोडलं. त्यातून सावरतोय तोवर ऑक्टोबर 2021 अखेरपासून एप्रिल 2022 पर्यंत संप. त्या दोन वर्षांत ज्याला जमलं त्यानं हप्त्यानं दुचाकी घेतली, बाकीचे वडापकडे गेले. गेलेला प्रवासी परत आणणं किती अवघड असतं ते कुठल्याही कंडक्टरला विचारा. आणि जे दुचाकी घेऊ शकत नाहीत, म्हणजे तुमच्या मुली, म्हातारी माणसं, दवाखान्याला जाणारे, ते फेरी बंद झाल्यावर आगाराच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाहीत. गाडीच नाही, तर तिकीट कुठून? तिकीट नाही, तर प्रवासी आहेत हे कळणार कसं?

तेव्हा ते दिसायला लावा. ग्रामसभेचा ठराव करा, नुसतं निवेदन नको. शाळा-कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या की तुमच्या मार्गावरून किती मुलं-मुली येतात नि किती पास काढतील. मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, त्याचे पैसे सरकार एसटीला देतं, म्हणून तो आकडा महत्त्वाचा. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत आणि बायकांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. गाडी नसेल तर या दोन्ही सवलती तुमच्या गावासाठी कागदावरच्या. हे ठरावात लिहा, शब्द मऊ ठेवू नका. आगार व्यवस्थापकांना एक प्रत, विभाग नियंत्रकांना एक, आणि दोन्हींवर पोच घ्या. शिक्का नि तारीख असलेली.

एक गोष्ट पत्रात तुम्ही लिहिली नाही, ती मी विचारतो. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपायचे कुठं? माझ्या आठवणीत मुक्कामाच्या बहुतेक गावांत ते देवळाच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच झोपायचे, आणि पहाटे लोटा घेऊन ओढ्याकडे. आता बायका कंडक्टर आहेत. त्या का तयार होतील, आणि का व्हावं? करोनाच्या आधी ‘चालतंय’ म्हणून चाललेलं हे दुसरं. ग्रामपंचायतीची एक खोली, दिवा-पंखा, पाणी, कडी लागणारा संडास एवढं द्या आणि ठरावात तसं नमूद करा. माझ्या हयातीत ज्या दोन मुक्कामी फेऱ्या बंद होऊन परत सुरू झाल्या, त्या दोन्ही गावांनी आधी खोली बांधली होती.

हे करूनही एकदम मुक्कामी गाडी मिळेलच असं नाही. आगारात गाड्या नि माणसं दोन्ही कमी आहेत. मग निदान पहाटेची फेरी मागा, गाडी आगारातून रिकामी येऊन साडेपाचला तुमच्याकडून सुटेल अशी. रिकामे किलोमीटर दाखवून ती नाकारतील. तेव्हा वाटेतल्या गावांचे थांबे जोडून द्या, म्हणजे ती रिकामी राहणार नाही. तुमच्या वरच्या अंगाला कोणकोणत्या वाड्या येतात ते मला कळवा. मार्ग कसा वळवायचा ते कागदावर आखून देतो, वेळेसकट. ते काम अजून हाताला सुचतं.